पाण्याखालच्या पायऱ्या

पितृपक्ष लागतो, गंगेचं पाणी चढतं, आणि एक प्रकरण दरवर्षी माझ्यासमोर येऊन बसतं. निवृत्तीला आता काही वर्षं झाली. तरीही त्या प्रकरणाचे कागद मी मनातल्या मनात चाळत असतो, कुठं काही राहून तर गेलं नाही ना म्हणून. काळजी करण्याचा स्वभाव नोकरीत उपयोगी पडला, घरी मात्र त्याचा त्रासच झाला.

माझी शाळा दहावीतच सुटली. मामा रेल्वेत होते. त्यांचं बोट धरून सोलापूरकडून बनारसला आलो आणि पोलिसांत शिपाई म्हणून लागलो. इकडे फौजदाराला दारोगा म्हणतात. तिथपर्यंत पोचायला अर्धं आयुष्य गेलं. सुरुवातीच्या काळात ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी घरांनी मला सणावाराला हाताला धरून पानावर बसवलं. त्या जेवणाला मी अजून जागतो. म्हणूनच तपासासाठी त्याच गल्लीत वर्दी घालून शिरायची वेळ आली, तेव्हा माझे पाय जड झाले होते.

तक्रार घेऊन आले ते सातारा जिल्ह्यातले एक वृद्ध गृहस्थ, सोबत पुतण्या. आदल्या वर्षी त्यांची पत्नी गेली होती. गुडघ्यांमुळे प्रवास झेपणार नव्हता, म्हणून अविधवा नवमीचं श्राद्ध काशीत करवून घेण्यासाठी त्यांनी फोनवर नोंदणी केली. नवमीला त्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ आला: घाटाच्या पायऱ्या, पिंड ठेवणारे गुरुजी, मागं गंगा. त्यांनी तो हात जोडून पाहिला. नंतर गावातल्या मित्राकडे गेले, तर त्यालाही त्याच्या आईच्या श्राद्धाचा व्हिडिओ आलेला.

"दोन्हीत एक पांढरं कुत्रं पायऱ्या चढून जातं," ते मला म्हणाले. "तेच कुत्रं, त्याच जागी. कुत्र्याला काय रोज तोच मुहूर्त असतो?"

पुतण्या हसला. ते हसले नाहीत. गुडघे घेऊनच ते काशीला आले होते.

"पैशाचं राहू द्या, साहेब. तिला पिंड पोचला की नाही, तेवढं सांगा."

असा प्रश्न ठाण्यात मला कधी कुणी विचारला नव्हता. मी तक्रार लिहून घेतली. नोंदणीचा फोन कुणी केला होता, असं विचारलं, तर म्हणाले, "एक बाई होती. चांगली होती हो. आधी गोत्र विचारलं, मग वेदाची शाखा. आमच्या गावचे भटजीसुद्धा शाखा विचारत नाहीत."

फोन नंबर कुणाच्या नावावर आहे ते त्याच दिवशी कळलं. सिमकार्ड ब्रह्मा घाटाजवळच्या एका मराठी घरातल्या सुनेचं होतं. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी पत्ता वाचून कागद माझ्याकडे सरकवला. "मोहल्ला आपका है, दारोगाजी. शाम तक ले आइए."

मी म्हटलं, कायद्याप्रमाणे बाईची चौकशी तिच्या घरीच करायची असते. साहेब म्हणाले, करा घरी, पण सिम तिच्या नावावर आहे, आवाज तिचा आहे, आणखी काय हवं? दुसरं नाव हाती आलं नाही तर आरोपी म्हणून तिचंच नाव जाईल. ते चूक बोलत नव्हते. कागदावर दिसत होती ती एकटीच.

महिला शिपायाला घेऊन मी गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. वर्दी पाहून त्या बाजूला झाल्या नाहीत.

"कुणाकडे?"

"तुमच्या सूनबाईंशी बोलायचंय, काकू."

"बोला की. पण आधी हे सांगा, चहा टाकायचा की वकील बोलवायचा?"

मी म्हटलं, चहा टाका. तेव्हा कुठं दार पुरतं उघडलं.

सून पंचविशीतली. मूल मांडीवर झोपलेलं, मोबाईल रव्याच्या डब्याला टेकवलेला. नवरा एका पाठशाळेत शिकवायचा, पण ती नोकरी कायम नव्हती. फेसबुकवर मराठी आयांचा एक गट होता. त्यात जाहिरात आली: घरबसल्या काम, बाळ झोपेल तेव्हा करा, मराठी चांगलं हवं. तिनं अर्ज केला. मुलाखत फोनवरच झाली. ऑफिससाठी वेगळं सिम घ्या असं सांगितलं, म्हणून तिनं ते स्वतःच्या आधारकार्डावर घेतलं.

"मी सोचलं, काका, की बबुआला सोडून कुठं जायचं नाही, मग काय हरकत आहे?" काशीच्या घरांतलं मराठी असंच असतं, हिंदीत भिजलेलं. "महाराष्ट्रातल्या लोकांना फोन करायचा, नाव-गोत्र लिहून घ्यायचं आणि ऑफिसच्या गटावर टाकायचं. बस."

"शाखा विचारायला कुणी सांगितलं?"

ती गोंधळली. "कुणी नाही. पण शाखेशिवाय श्राद्ध कसं करणार? गुरुजींची अडचण झाली असती."

ठग माणूस आपल्या कामापुरतंच विचारतो, हे मी पुष्कळ ठगांकडे पाहून शिकलो आहे. गरजेपेक्षा जास्त विचारतो तो, ज्याला काम खरं वाटतं. पण हे साहेबांना पटवायचं, तर एवढ्यावर भागणार नव्हतं.

"तुमचे मालक कोण?"

"सर म्हणतो आम्ही. फोन नेटवरूनच, नंबर दिसत नाही. कॅमेरा कधी लावत नाहीत. शनिवारी सगळ्याजणींशी एकदम बोलतात, नुसता आवाज."

"आणि हे व्हिडिओ कोण पाठवतं?"

"ते माझ्याकडे नाही. एक ताई नागपूरच्या आहेत, त्या पाठवतात. पैशाचं नाशिकच्या ताई बघतात. मी फक्त फोन करते."

मी तिच्या हातात माझा मोबाईल दिला आणि त्या गृहस्थांना आलेला व्हिडिओ लावला. ती पाहत राहिली. पांढरं कुत्रं वर चढून गेलं. मग तिनं बोटानं व्हिडिओ थांबवला.

"हा कधीचा आहे?"

"नवमीचा. चार दिवसांपूर्वीचा."

"असं कसं होईल?" तिचा आवाज एकदम खाली गेला. "पायऱ्या उघड्या आहेत, काका. पार खालपर्यंत."

सासूबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्या वाकून बघू लागल्या. त्या आठवड्यात गंगा वरच्या चौथऱ्यापर्यंत चढली होती, नावा बंद होत्या, आणि गल्लीतली भटजी मंडळी श्राद्धं घरांच्या गच्च्यांवर उरकत होती. काशीत हे शेंबडं पोरही सांगेल. साताऱ्याच्या माणसाला ते कळणार कसं? आणि हिनं व्हिडिओ कधी पाहिलाच नव्हता.

"हा तर वैशाखातला घाट," सासूबाई म्हणाल्या.

सून रडली नाही. तिनं विचारलं, "मग त्या आजोबांच्या बायकोचं झालंच नाही? आणि बाकीच्यांचं? मी किती जणांना सांगितलं की होईल, काळजी करू नका."

मी माझा मोबाईल परत घेतला.

मग तिनं विचारलं, "मला नेणार का?"

"मालक सापडला तर तुम्ही साक्षीदार. नाही सापडला तर…"

"पुरं," सासूबाई म्हणाल्या. "काय करायचंय तिनं, ते सांगा."

उपाय सुनेनंच काढला. माझ्यासमोर तिनं सरांना फोन लावला. म्हणाली, साताऱ्याकडचे एक आजोबा काशीत आले आहेत, सोबत गावची माणसं आहेत, सगळ्यांना श्राद्ध करायचंय, पण समोर करून हवंय. मी बाईमाणूस, लेकुरवाळी, मी कुठं जाऊ? तुम्ही कुणाला तरी पाठवा. फोन ठेवून तिनं सांगितलं, उद्या सकाळी, राजा घाटाच्या वरच्या अंगाला.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि आम्ही साध्या कपड्यांत गेलो. गृहस्थ पुतण्याचा खांदा धरून उभे होते. व्हिडिओतले गुरुजी आले, आणि त्यांच्यासोबत गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण. त्याला पाहून वाटलं, हा नुसता चित्रण करणारा असेल. गुरुजींना बाजूला घेतलं, तर ते घामाघूम. "साहब, मला याआधी एकदाच बोलावलं होतं, गर्मीत. शूटिंग आहे म्हणाले. मी रामलीलेत वसिष्ठ करतो." म्हणजे त्यांच्याही हातात कामाचा एक तुकडाच.

उरला तो तरुण. त्याचं म्हणणं, मी मजुरीवर येतो, सरांना ओळखत नाही. अंगावर कागद नाही, मोबाईलमध्ये काही नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत संध्याकाळी वर पाठवायचा कागद दिसत होता, आणि त्यावर कुणाचं नाव येणार तेही.

माझा फोन खिशात चालूच होता, कानात छोटं यंत्र. घरी सून ऐकत होती. मी त्या तरुणाला त्याच्या कॅमेऱ्याबद्दल विचारायला लागलो. भिंग कुठलं, पावसात काय काळजी घेता. कामाबद्दल विचारलं की माणूस सैल होतो. तो बोलू लागला, आधी तोऱ्यात, मग रंगात येऊन. ओलीपासून कॅमेरा कसा जपायचा, हे मला समजावताना तो म्हणाला, "देखिए, बात समझिए."

कानात आवाज आला, "काका, हाच. दर शनिवारी असंच म्हणतात."

साहेबांना मी खूण केली. आवाजाची ओळख हा पुरावा नव्हे, धागा. पण त्या धाग्यानं शहरातल्या सिगरा भागातल्या त्याच्या खोलीची झडती घेता आली, आणि तिथल्या संगणकात तो एकच व्हिडिओ शेकडो नावांनी साठवलेला निघाला. सुनेचं नाव साक्षीदारांत गेलं. तो कागद मी स्वतः लिहिला आणि दोनदा वाचला. गृहस्थांच्या पत्नीचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला सुनेच्या भिक्षुकी करणाऱ्या सासऱ्यांनी गच्चीवर केलं. दक्षिणा घेतली नाही. गृहस्थ जाताना फक्त म्हणाले, "आता झालं."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. ठग कसा पकडायचा हे काही त्यातून शिकलो नाही, ते आधीच थोडंफार येत होतं. शिकलो ते असं की चांगल्या माणसांच्या हाती कामाचा लहानसा तुकडा दिला, की ती तो मन लावून करतात, आणि सगळे तुकडे जोडून वर काय होतंय ते फक्त वर बसलेल्याला दिसतं. पोलिसांच्या हाती मात्र आधी तुकडेवालेच लागतात, कारण नाव त्यांचं, आवाज त्यांचा. त्या गटातल्या आया आळशीही नव्हत्या आणि लोभीही नव्हत्या. त्यांना मुलाजवळ बसून करता येईल असं काम हवं होतं, एवढंच.

आणि प्रकरण मिटलं तरी ती गरज मिटली नाही. काही महिन्यांनी सासूबाईंचा निरोप आला, येऊन जा. गेलो. सून म्हणाली, "काका, गटावर दुसरं काम आलंय. पुण्याच्या एक बाई पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रण करून घेतात, अंध मुलांसाठी. घेऊ का?"

"आता नोकरीला पोलिसांची शिफारस लागते," सासूबाई म्हणाल्या.

मला काय कळणार? मी तिला एवढंच सांगितलं, तुझा तुकडा कुठं जातो ते विचार, आणि चेहरा बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. तिनं तिथंच व्हिडिओ कॉल लावला. पडदा काळाच राहिला. बाईचा आवाज आला, "हॅलो?"

"आधी कॅमेरा लावा," सून म्हणाली. "मी फसले आहे एकदा."

पलीकडून उत्तर आलं, "मीपण. आधी तुम्ही लावा."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची भिंतीकडे सरकवली, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि कॅमेरा सुरू करायच्या बटणावर बोट ठेवलं.