नऊने भाग जाणारा नंबर

चंदीगडला नोकरी लागली, मोहालीत घर घेतलं आणि नवा मोबाइल नंबर मिळाला, तेव्हा अण्णांनी तो फोनवर ऐकून आधी कागदावर उतरवला. माझे वडील साताऱ्याला गणिताचे मास्तर होते. लांबलचक संख्या दिसली की तिला चारी बाजूंनी भागून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "झकास आहे गं! नऊने निःशेष भाग जातो. अकराने जात नाही. सातने भागलंस तर बाकी तीन."

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. आज वार कोणता, चहा झाला की व्हायचाय, असं काहीबाही ते विसरायला लागले. पुण्याहून ताईने एकच धोशा लावला, "डॉक्टरला दाखव." मला संताप यायचा. रोज सकाळी मी पेपरातली एखादी भलीमोठी संख्या अण्णांना द्यायचे, ते तिचे पटापट अवयव पाडायचे आणि मी ताईला फोनवर सुनावायचे, "तुझ्यामाझ्यापेक्षा डोकं शाबूत आहे त्यांचं!" दुसरं काही मला ऐकायचंच नव्हतं.

परवा आयटी पार्कात कामात असताना आमच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. फिरायला गेलेले अण्णा त्यांना येताजाता पलीकडच्या सोसायटीच्या गेटवर उभे दिसले होते, घर सापडत नव्हतं. इमारती सगळ्या एकसारख्या, होतं असं कुणाचंही, असं मी कॅबमध्ये बसून स्वतःला बजावत राहिले.

तिथला गार्ड पार वैतागला होता. "मैडम जी, कब से बेटी का नंबर पूछ रहा हूँ. कहते हैं, नौ से कटता है, ग्यारह से नहीं कटता. अब बताओ, फोन कैसे लगाऊँ?"

अण्णा मान खाली घालून उभे होते. दहातला एकही आकडा आठवत नव्हता, सातने भागल्यावरची बाकी तीन मात्र आठवत होती.

घरी आल्याआल्या मी चिठ्ठीवर माझा नंबर लिहिला आणि ती त्यांच्या हातात दिली. "खिशात ठेवा. कायम." त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत अंकांची बेरीज केली.

"चुकलाय. नऊने भागल्यावर एक उरतोय."

"अहो अण्णा, माझा नंबर मला माहीत नाही का?" मी खेकसलेच.

आणि मग बघितलं. घाईत पाचाच्या जागी सहा लिहिला होता. मी, स्वतःच्याच नंबरात! मला इतका आनंद झाला की हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आकडा दुरुस्त करून दिला आणि लगेच ताईला फोन लावला. आज तिला चांगलंच ऐकवणार होते.

रिंग वाजत होती. अण्णांनी पुन्हा बेरीज केली, समाधानाने मान हलवली, चिठ्ठीची घडी खिशात ठेवली.

"आता बरोबर," ते म्हणाले. "पण हा नंबर आहे कुणाचा?"

"बोल गं," तिकडून ताई म्हणाली.

"ताई, उद्या दाखवते डॉक्टरला," मी म्हटलं. "तू ये."