नदीपलीकडच्या सुट्ट्या

अमेरिकेत एकदाही पाऊल न ठेवता अमेरिकेबद्दल आमच्या घरमालक काकांइतकं बोलणारा माणूस जगात दुसरा असेल असं मला वाटत नाही. विंडसरला मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. घरापासून नदी चालत दहा मिनिटांवर, आणि नदीच्या पलीकडे डेट्रॉइट, म्हणजे अमेरिका. घरी कोणी नवीन माणूस आला की काका चहाच्या आधी विचारतात, "इथून अमेरिका कोणत्या दिशेला?" पाहुणा अर्थातच दक्षिण म्हणतो. "चुकला ना बाप्पा. आपल्या इथून अमेरिका उत्तरेला आहे," असं म्हणून काका नकाशा उलगडतात. नदी इथे अशी वळते की ते खरंही आहे. हा नकाशा मी सात वेळा पाहिला. आठव्या वेळी तर घरात चुकायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच दक्षिण म्हटलं.

काका मूळचे नागपूरचे. तीस वर्षं त्यांनी इथल्या मोटारींच्या कारखान्यात गाड्यांची दारं तपासली. अजूनही कोणाच्या गाडीतून उतरले की दार दोनदा लावून बघतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी लायब्ररीतून अमेरिकेच्या इतिहासाची पुस्तकं आणायला सुरुवात केली आणि सगळे अध्यक्ष क्रमाने पाठ केले. अंघोळ करताना ते ही नावं स्तोत्रासारखी म्हणतात. पाइपातून आवाज खाली येतो. सकाळी माझे दात घासून होईपर्यंत यादवी युद्ध सुरू झालेलं असतं.

मग पलीकडे जात का नाहीत, असं मी एकदा भीतभीत विचारलं. "पुलावर डोकं गरगरते आणि नदीखालच्या बोगद्यात जीव गुदमरते," ते म्हणाले. "तिसरा रस्ता केलाच नाही त्यांनी."

पण सुट्ट्या मात्र ते पलीकडच्याच पाळतात. एक जुलैला, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनी, सगळं विंडसर लाल-पांढरे कपडे घालून फिरतं, तेव्हा काका गवत कापतात. चार जुलैला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, घडीची खुर्ची आणि चिवड्याचा डबा घेऊन नदीकाठी बसतात. ऑक्टोबरातलं इकडचं थँक्सगिव्हिंग ते पानं गोळा करण्यात घालवतात. नोव्हेंबरच्या शेवटी, एका गुरुवारी, अमेरिकेचं येतं. त्या दिवशी इथे शाळा, ऑफिसं, कचऱ्याची गाडी, सगळं नेहमीसारखं चालू असतं आणि आमच्या घरात सण असतो. लाल भोपळ्याचे घारगे, पाटोडीचा रस्सा, टेबलावर तीन ताटं. एक त्यांचं, एक माझं. तिसरं ताईचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं. काकू गेल्यापासून एवढं एकच त्यांचं माणूस. ती डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे आणि तिकडेच राहते. "तिला त्या दिवशी सुट्टी असते ना," काका म्हणाले, तेव्हा कुठे मला कळलं की हा सगळा इतिहास एका कॅलेंडरपासून सुरू झाला होता. मुलीला सुट्टी कधी, हे बघता बघता सुट्टी का, इथपर्यंत ते पोचले होते.

गेल्या वर्षीही ती आली नाही. संध्याकाळी काकांनी तिसरं ताट तसंच उचलून डब्यात भरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. "ट्रॅफिक असेल," ते म्हणाले. पुलावरचं ट्रॅफिक काकांनी कधी पाहिलेलंही नाही.

इथे माझं थोडं सांगावं लागेल. आमच्या घरात कॉलेजात पोचलेली पहिली मी. ऑफिस अवर्स म्हणजे सरांची ऑफिसच्या कामाची वेळ, तेव्हा त्रास द्यायचा नसतो, असं समजून मी पहिली अख्खी टर्म त्या वेळात त्यांच्या दारासमोरून पाय न वाजवता गेले. काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "इकडे कोणी आपणहून सांगत नाही पोरी. जाऊन विचार ना." मी गेले, तर ती वेळ मुलांच्या शंकांसाठीच होती; म्हणून पास झाले.

या ऑक्टोबरात एका मंगळवारी ताई अचानक आली. काका लायब्ररीत होते. ड्युटीच्या कपड्यांतच ती माझ्या पायरीवर बसली. "सुट्टीच्या दिवशी माझी ड्युटी असते गं," ती म्हणाली. "पोरंबाळं असलेल्यांना घरी जायचं असतं, मग आम्हा बाकीच्यांची नावं लागतात. दर वर्षी. पण बाबांना कसं सांगू? त्यांनी माझ्यासाठी अख्खं कॅलेंडर पाठ केलंय."

महिनाभर ते माझ्या पोटात राहिलं. नोव्हेंबरात काका भोपळा आणि किसणी घेऊन खाली आले. किसता किसता मी म्हटलं, "काका, ताईला या गुरुवारी सुट्टी आहे का, असं तुम्ही कधी विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? अख्ख्या देशाला सुट्टी आहे."

"हॉस्पिटलला नसते, काका."

ते बराच वेळ किसत राहिले. भोपळा संपला तरी हात चालूच होता.

"तुला ती बोलली?"

मी मान डोलावली.

"आणि मी तिला दर वर्षी फोनवर त्या सणाचा इतिहास सांगून राहिलो," ते म्हणाले. मग किसणी धुतली, पुसली आणि विचारलं, "तिला जेवायची सुट्टी किती वाजता असते, माहीत आहे?"

माहीत नव्हतं. त्यांनी जाऊन तिलाच फोन केला आणि विचारलं. दीड वाजता.

गुरुवारी साडेबाराला काका तीन डबे घेऊन गाडीत बसले. इस्त्रीचा शर्ट होताच. माझ्याकडे पलीकडचा व्हिसा नाही, म्हणून मी गेले नाही. गाडीचं दार त्यांनी दोनदा लावलं आणि बोगद्याकडे निघाले. मी क्लास बुडवून नदीकाठी जाऊन उभी राहिले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तीनच्या सुमारास फोन आला. "बोगद्यात नावं म्हणत गेलो," काका म्हणाले. "एकविसाव्या अध्यक्षाला उजेड दिसला. जेवली ती. चार घारगे खाल्ले, उभ्याउभ्याच." मग म्हणाले, "आता नदीवर आलो आहे. इथून आपलं विंडसर दक्षिणेला दिसते. लहान आहे गं. एवढ्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. तू कुठे आहेस?"

"काठावरच आहे."

"मग हात हलव बरं. मीही हलवतो."

नदी तिथे एवढी रुंद आहे की पलीकडचा माणूस ठिपक्याएवढा दिसतो, ओळखू येत नाही. मी हात हलवला.

"दिसली," काका म्हणाले.

"तुम्हीही दिसलात," मी म्हटलं, आणि नदीतून चाललेल्या एका बोटीचा भोंगा वाजून संपेपर्यंत आम्ही दोघांनीही हात खाली घेतला नाही.