दोघांना मारलेली थाप

माझा भाऊ टेक्सासात, धाकटी बहीण कॅलिफोर्नियात. दोघंही अमेरिकेचे नागरिक आणि दोन वर्षं एकमेकांशी अबोला. कारण काय, तर तिथलं राजकारण. भावाने फॅमिली ग्रुपवर निवडणूक प्रचाराच्या लाल टोपीतला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, आम्ही रीतसर कागदपत्रं करून आलो, बाकीच्यांनीही तसंच यावं. बहीण शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना त्याच आठवड्यात इमिग्रेशनवाल्यांनी घरातून उचलून नेलं होतं. तिने लिहिलं, आपण कुठून वर आलो ते विसरलास तू. त्याने लिहिलं, मी कष्टाने वर आलो. मग दोघांनीही ग्रुप सोडला. ग्रुपवर उरलो मी आणि आई, एकाच घरात राहणाऱ्या.

बाबा गेले तेव्हाही दोघं वेगवेगळ्या आठवड्यांत आली. आता त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं, मेलबर्नमधल्या आमच्या पॉइंट कुकच्या घरी. आईला एकच हवं होतं: बाबांच्या फोटोपुढे तिन्ही मुलांनी तिच्यासोबत बसून पंचशील म्हणावं. ऐंशीच्या बाईने दुसरं काही मागितलंच नव्हतं. पण दुसरं येणार असेल तर दोघंही यायला तयार नव्हती. मला दोघांचाही भयंकर राग आला होता. शेवटी मी सरळ थाप मारली. भावाला सांगितलं, तिला रजा मिळत नाहीये. बहिणीला सांगितलं, त्याचं ऑफिसचं काम निघालंय.

दोघांची विमानं एकाच सकाळी मेलबर्नला उतरली. बहीण आधी बाहेर आली. तिला कॉफीच्या निमित्ताने रेंगाळत ठेवलं, तेवढ्यात भाऊ ट्रॉली ढकलत समोर. तो म्हणाला, मी हॉटेलात जातो. तिने टॅक्सीसाठी फोन काढला.

“आई पहाटेपासून दारात खुर्ची टाकून बसलीय,” मी म्हणाले. “तिला मी खरं सांगितलंय, दोघंही येतायत म्हणून. आता काय ते तुम्हीच सांगा तिला.”

दोघं गाडीत बसली. तो पुढे, ती मागे. आम्ही फ्रीवेला लागलो. मग मागून बहीण म्हणाली, “दादा, तुला काय सांगितलं होतं हिने?”

“तुला रजा नाही म्हणून. आणि तुला?”

“तुला काम आहे म्हणून.”

आणि दोघं मिळून माझ्यावर तुटून पडली. ही लहानपणापासून अशीच, सगळं परस्पर ठरवते, हिलाच काय ती अक्कल. एक दम घ्यायला थांबलं की दुसरं सुरू. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं. इतकी बोलणी खाऊन इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. त्या भरात मी आमचा एक्झिट चुकवला, तर त्यावरूनही दोघं बोलली.

मतं कुणाचीच बदलली नाहीत. चहाच्या वेळी टीव्हीवर अमेरिकेच्या बातम्या लागल्या, तेव्हा भाऊ मान डोलवू लागला आणि बहीण कप घेऊन अंगणात गेली. पण वंदनेला ती आत आली आणि आईच्या पलीकडे, त्याच्याच ओळीत बसली.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे मी गप्प राहिले. त्या दोघांनी मात्र माझ्याकडे बघत ते एका सुरात, चांगलं मोठ्याने म्हटलं.