गॅलरीतला निरोप्या

आमची आत्या शहराच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षात बावीस वर्षं फोनवर इकडचे निरोप तिकडे पोचवत होती. घरीसुद्धा कुणी मीठ मागितलं, तर "मीठ, एक चमचा, बरोबर?" असं विचारून मगच उठायची. आम्ही हसायचो. बाबा तर तिचं काही ऐकूनच घ्यायचे नाहीत. मोठे भाऊ ना!

एके दुपारी आमच्याच इमारतीच्या जिन्यातल्या मीटरच्या पेट्यांनी पेट घेतला. आम्ही बाकी सगळे धडपडत खाली पळालो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले बाबा तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत अडकले आणि मागे घरभर धूर.

पाच मिनिटांत बंब आला, रुग्णवाहिका आली, वायरमन आला. कौतुक करण्यासारखं एवढंच. गॅलरीसमोरून तारा गेल्या होत्या. वीज बंद झाल्याशिवाय शिडी लावता येईना. बंबाचा प्रमुख वायरमनपासून दहा पावलांवर उभा होता. पण मागच्या वर्षी दुसऱ्या खात्याच्या तोंडी सांगण्यावरून वीज तोडली म्हणून एक वायरमन निलंबित झाला होता. तेव्हापासून परिपत्रक होतं, की दुसऱ्या खात्याचं ऐकायचं नाही, आपल्या साहेबांना विचारायचं. त्यामुळे वायरमन साहेबांना फोन लावत होता, साहेब वायरमनला लावत होते आणि दोघांनाही फोन व्यस्त लागत होता.

बंबाच्या वायरलेसवरून हे कामावर असलेल्या आत्याला कळलं. तिने कक्षातल्या थेट लाइनवर त्या साहेबांना गाठलं. ते म्हणाले, तोडायला सांगा. तिने बंबाच्या वायरलेसवर कळवलं, प्रमुखाने वायरमनला सांगितलं आणि वायरमनने नम्रपणे परिपत्रक दाखवलं. मग आत्याने थेट बाबांना फोन लावला. परिपत्रकात नागरिकांबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

"दादा, आयुष्यात एकदा माझं ऐक. मी सांगते ते शब्दाला शब्द ओरड."

बाबांनी फोन स्पीकरवर टाकून कुंडीत ठेवला, कठडा धरला आणि खोकत खोकत साहेबांचा हुकूम ओरडून सांगितला. वायरमनने साहेबांचं पूर्ण नाव विचारलं. तेही वरून आलं. वीज गेली.

ही सोय मग सगळ्यांनाच फार आवडली. रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, गाडी कुठल्या बाजूला लावू ते जरा बंबवाल्यांना विचारता का? बंबवाल्यांना पाण्याची दुसरी गाडी कुठवर आली ते हवं होतं. बाबा आत्याला विचारून एकेकाला उत्तरं देत होते. शिडी टेकली, जवान वर पोचला आणि म्हणाला, "काका, दोनच मिनिटं. आमच्या साहेबांचा एक निरोप पोचवायचा आहे."

आणि बाबा खरंच थांबले.

कुंडीतून आत्याचा आवाज आला. "तो तुमचा निरोप्या नाही, माझा भाऊ आहे. आधी उतरवा त्याला."

जवान ओशाळला. त्याने बाबांना खांद्यावर घेतलं आणि सावकाश खाली आणलं. आम्ही बाबांना मिठ्या मारल्या, पाणी पाजलं, रडलो. बाबा सुखरूप उतरल्याचं डॉक्टरांनी आपल्या साहेबांना कळवलं, साहेबांनी प्रमुखाला, प्रमुखाने वायरमनला.

फोन वर कुंडीतच राहिला होता. पाऊण तास आत्या त्यात विचारत होती, "दादा, पोचलास का खाली?" तिला सांगायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला त्याची अजून लाज वाटते.