हौद्यावरचं झाकण

नोकरीच्या सतराव्या वर्षी माझी पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरातल्या एका बेसवर आली. जागेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी अमळनेरच्या एसटी स्टँडवर ते कोणाला उच्चारता यायचं नाही. उंची साडेदहा हजार फूट. माझी रँक हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. सकाळी पाच पंचेचाळीसला फॉल-इन, साडेसहाला गाड्यांची तपासणी, आठला वर्कशॉप. बेसपासून वरच्या पोस्टपर्यंत चोवीस किलोमीटर कच्चा रस्ता. तो चढत चढत पंधरा हजार फुटांवर जाई.

त्या रस्त्यावर आमची एक पिकअप चाले. युनिटमधल्या निम्म्या पोरांपेक्षा तिची सर्व्हिस जास्त झालेली होती. इंजिन ठीक, पण मागचा हौदा उघडा. पीठ, टपाल, औषधं, बॅटऱ्या, सगळं त्यातूनच जाई. एकदा पोस्टवर पीठ पोचलं ते वाटेतल्या बर्फाने मळूनच. पोस्टवाल्यांनी वायरलेसवर विचारलं की पोळ्याही लाटून पाठवणार का. सुभेदार थापा साहेबांनी मला बोलावलं.

"पाटील, इसका ढक्कन बनाओ."

"दो दिन, साब," मी म्हटलं.

नऊ दिवस लागले. त्यातले पाच माझ्या हुशारीने खाल्ले.

मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो की जुन्या गाडीचा हौदा कधीच काटकोनात नसतो. चारी बाजू मोजा, मग दोन्ही तिरकी मापं घ्या, आणि मागचा फाळका बंद करून घ्या. स्वतः मात्र एक लांबी घेतली, एक रुंदी घेतली, तीही फाळका उघडा असताना. त्या पिकअपची डावी भिंत कधीतरी दगडावर घासून दोन बोटं आत गेलेली होती. ते मला दिसत होतं, पण मी कशाला मोजतोय. रद्द झालेल्या तंबूचं कॅनव्हास घेऊन शिवलं, ताणलं, आणि चौथ्या कोपऱ्यात चार बोटं कमी पडलं.

कमी पडलं असं म्हणेल तर तो पाटील कसला. चार जणांना लावून ओढून बसवलं आणि जाहीर केलं की आता यावर माणूस बसला तरी वाकणार नाही. बसवायला मी लान्स नाईक सुकलाल पावराला पकडलं. सुकलाल चोपडा तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. घरी पावरी बोले, माझ्याशी अहिराणी. हजार माणसांत आम्ही दोघंच खान्देशचे, त्यामुळे त्याला माझे सगळे प्रयोग सोसावे लागत. तो वर चढला, मांडी घालून बसला. टर्रकन आवाज झाला. दुसऱ्या क्षणाला कॅनव्हासच्या वर फक्त त्याचं डोकं होतं.

"दादा," तो म्हणाला, "मी त मझार उनू. आते पीठ लई ये."

मी आत आलो, आता पीठ आण. ते वाक्य पुढे महिनाभर मेसमध्ये चाललं. मला पोळी वाढताना सुद्धा ऐकवलं जाई.

दुसरं झाकण मी नीट केलं. हौद्याच्या काठाला चारी बाजूंनी लोखंडी अँगल नटबोल्टने बसवला. बर्फ साचू नये म्हणून पाइपच्या तीन कमानी. कॅनव्हास वीतभर जास्तीचं ठेवलं आणि कडेला दर सहा इंचांवर पितळी रिंग. आत नियमाप्रमाणे एक ऑक्सिजन सिलेंडर आणि एक स्ट्रेचर कायम राहील अशी जागा केली. थापा साहेब बघून म्हणाले की बांधायला पट्टे आणि बक्कलं लावा, एका हाताने सुटली पाहिजेत. स्टोअरमध्ये बक्कलांचं खोकं होतं. मी म्हटलं, लावतो.

लावली नाहीत. कारण माझे वडील.

वडिलांनी अमळनेरला आयुष्यभर कापसाच्या गाड्या बांधल्या. एकच सुती दोर सगळ्या कडांतून ओवायचा, त्याचं टोक केबिनच्या मागे आणायचं आणि तिथे एकच गाठ. शेवटी गाठीवर तांब्याभर पाणी ओतायचं. सूत पाणी पितं, फुगतं, गाठ आवळून बसते. मग कितीही गचके बसोत, दोर सैल पडत नाही. आपल्या उन्हात दोन तासांत दोर कोरडा होतो आणि सोडताना त्रास नाही. ही गाठ बाबांनी मला सातव्या वर्षी शिकवली. मला वाटलं, कापसाला चालली ती फौजेला का नाही चालणार.

आणि चालली. गाडी बेसवरून नऊला निघे. आधी तासभर ऊन असे. मी मगभर पाणी ओतायचो, निघेपर्यंत दोर वाळायचा. एकोणीस खेपा झाल्या, आत धुळीचा कण नाही. सीओ साहेबांनी हौद्यात बोट फिरवून बघितलं आणि शाबासकी दिली. मी त्या दिवशी दोनदा जेवलो. सुकलाल पोस्टवर जायच्या आधी एकदा गाठ उलटसुलट बघत म्हणाला, "दादा, हाई गाठ शे का कुलूप?"

"किल्ली मी शे," मी म्हटलं.

विसावी खेप ऑक्टोबरच्या शेवटी. हवामान बिघडणार होतं म्हणून पाच पंधराला निघायचा हुकूम आला. ड्रायव्हर नाईक जगदीश, हिमाचलचा, शांत माणूस. मी बाजूला. पाच वाजता गाठ मारली आणि हाताच्या सवयीने मगभर पाणी ओतलं. ऊन नव्हतं, त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. वाटेत भुरभुर बर्फ पडला, तोही दहा मिनिटं.

सहा पन्नासला सेट बोलला.

"एक कॅज्युअल्टी. सांस की तकलीफ. पैदल नीचे ला रहे हैं. मोड नंबर नौ पर मिलो. ओव्हर."

"रोजर. तीस मिनट. आउट."

सात वीसला आम्ही नवव्या वळणावर पोचलो. चार जवान आणि एक नर्सिंग असिस्टंट स्ट्रेचर घेऊन उतरत होते. स्ट्रेचरवर सुकलाल होता. ओठ निळे. तोंडाशी फेस. रात्रीपासून फुप्फुसात पाणी होत होतं. त्या उंचीवर हे कोणालाही होतं, कितीही तगडा असो. त्याला आडवं ठेवता येत नव्हतं, म्हणून केबिनमध्ये माझ्या सीटवर टेकवून बसवला. मला बघून त्याने मान हलवली. बोलता येत नव्हतं.

नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "सिलेंडर."

मी मागे धावलो. गाठ दगड झाली होती. दोर काचेसारखा, कॅनव्हास अँगलला चिकटलेलं. मी नखांनी सुरुवात केली.

जगदीश दोन मिनिटांनी चाकू घेऊन आला. "उस्ताद, काट दूँ?"

"नहीं. खुलती है."

हे तीन शब्द मी का बोललो, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते सांगायला लाज वाटते. दोर कापला असता तर झाकण बिघडलं असतं, आणि सीओ साहेबांनी शाबासकी दिलेलं झाकण होतं ते. माझ्या बापाची गाठ होती. मी किल्ली होतो.

जगदीश केबिनकडे गेला, परत आला. तो काहीतरी म्हणाला, मी त्याला चूप म्हटलं. पुन्हा गेला. नर्सिंग असिस्टंट ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "हवालदार साब, टाइम." तेव्हा जगदीशने मला खांद्याने बाजूला केलं आणि न विचारता दोर कापला. पुढे कॅनव्हास सोलून सिलेंडर काढायला आणखी पाच मिनिटं गेली. सात बावीसला मी गाठीला हात लावला होता. सात तेहेतीसला मास्क त्याच्या तोंडावर बसला. अकरा मिनिटं. त्यातली सहा माझ्या हट्टाची.

सात छत्तीसला आम्ही खाली निघालो. मी मागे, फाटलेल्या कॅनव्हासखाली बसलो होतो. आठ पंचवीसला जगदीशने गाडी थांबवली. बेस सहा किलोमीटरवर होता. नर्सिंग असिस्टंटने घड्याळ बघितलं आणि पेनने हातावर वेळ लिहिली.

डॉक्टर म्हणाले की आजार फार पुढे गेला होता, अकरा मिनिटांनी कदाचित फरक पडला नसता. त्या 'कदाचित'वर मी पुढची नऊ वर्षं काढली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला दोन प्रश्न विचारले गेले.

"रस्सी कैसे जमी?"

"बर्फ गिरी थी, साब."

"काटने में देर क्यों हुई?"

"चाकू नहीं मिल रहा था, साब."

मग जगदीशला विचारलं. तो सावधानमध्ये उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जी साब. चाकू सीट के नीचे गिर गया था. मेरी गलती." त्याच्या डोजियरमध्ये ताशेरा लिहिला गेला. माझ्या नाही.

दुसऱ्या दिवशी मी पट्टे आणि बक्कलं लावली. एका तासाचं काम होतं.

पेन्शन आल्यावर मी धुळ्याबाहेर, सोनगीरच्या रस्त्याला, एक शेड घेतली. पिकअपच्या हौद्यांना झाकणं बनवतो. धंदा बरा चालतो. गिऱ्हाईक म्हणतात, फौजीचं काम पक्कं असतं. मी हसतो आणि तिरकी मापं दोनदा घेतो.

यंदा उन्हाळ्यात एक जुनी पांढरी पिकअप शेडसमोर थांबली. ड्रायव्हरच्या सीटवरून पस्तिशीचा एक माणूस उतरला. फाळका तारेने बांधलेला. आठवडे बाजारांना किराणा नेतो म्हणाला, साखर ओली होते, झाकण हवं. मी टेप घेतली. डावी बाजू मोजत असताना तो म्हणाला, "दादा, मी दिलीप. सुकलाल पावराचा धाकटा भाऊ. आमच्या घरी फोटो आहे, त्यात तुम्ही आहात. खूप दिवसांपासून यायचं होतं."

मी उजवी बाजू मोजली. मग डावी पुन्हा मोजली. आकडा लिहायला कागद घेतला आणि काय लिहायचं ते विसरलो.

चार दिवस लागले. तो रोज येऊन बसे, चहा आणे, अँगल धरे. घरी सगळे माझं नाव घेतात म्हणाला. मोठी बहीण म्हणते की त्या दादाने भाऊला वाचवायचा फार प्रयत्न केला. हे युनिटमधून घरी गेलेल्या पत्रात लिहिलं होतं. त्याचा मसुदा मी केला होता.

चौथ्या दिवशी, झाकण बसवून झाल्यावर, मी त्याला फाळक्यावर बसवलं आणि सांगितलं. मगभर पाणी सांगितलं. बर्फ फक्त दहा मिनिटं पडला होता ते सांगितलं. चाकू माझ्यासमोर होता आणि मी नको म्हटलं, ते सांगितलं. फौजेत रिपोर्ट देतात तसं, वेळांसकट. दुसऱ्या कोणत्या रीतीने मला ते सांगता आलं नसतं.

त्याने रस्त्याकडे तोंड केलं. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. जावंच, असंही वाटलं.

"त्या अकरा मिनिटांत," तो म्हणाला, "भाऊ काय करत होता?"

"मला माहीत नाही. मी मागे होतो. माझं लक्ष गाठीवर होतं."

"कोणाला माहीत असेल?"

जगदीशचा नंबर माझ्याकडे होता. नऊ वर्षांत मी तो एकदाही लावला नव्हता. लावला. स्पीकर चालू केला. कोण बसलंय ते सांगितलं, आणि मी सगळं सांगून टाकलंय तेही सांगितलं. पलीकडे कुत्रं भुंकत होतं. जगदीशने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"भाईसाब," तो दिलीपला म्हणाला, "पीछे वाला शीशा था ना केबिन में. वो उसमें से उस्ताद के हाथ देख रहा था. नंगे हाथ थे. बोल नहीं सकता था. उसने मेरे दस्ताने खींचे और शीशे की तरफ इशारा किया. दो बार. मतलब, इनको दे दो."

मग मला म्हणाला, "मैंने आपको बोला था, उस्ताद. आपने कहा, चुप."

फोन बंद झाला. दिलीपने तो माझ्या हातातून घेऊन फाळक्यावर ठेवला. माझी बोटं त्याने बघितली, नुसतीच.

"मग, दादा," त्याने विचारलं, "घातले का तुम्ही हातमोजे?"

"नाही," मी म्हटलं.