नकाशातली खाच

माझी पोळी आजवर कधी गोल झालेली नाही, पण नकाशावरची वाकडी रेघ मला सहन होत नाही. नवऱ्याला इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी या देशात आले आणि दोन हजार पाचच्या सुमारास, घरोघरचे, पाणी आणि खोल्या तापवणारे गॅस बॉयलर तपासणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात चिकटले. काम असं, की शहराचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा एकेका इंजिनिअरला द्यायचा आणि रोज कोणी कुठल्या घरी जायचं ते ठरवायचं. त्या तुकड्याला सगळे ‘पॅच’ म्हणत. गावाकडे बांध कोरल्यावरून डोकी फुटतात, इथे पॅचवरून. एकाच्या हद्दीतली चार घरं दुसऱ्याला दिली, की तो आठवडाभर माझ्याशी धड बोलत नसे.

त्या वर्षी कंपनीने नवं सॉफ्टवेअर घेतलं. सगळे पॅच नव्याने आखायचे, प्रत्येकाला सारखं काम आणि कमीत कमी ड्रायव्हिंग. मी खुशीत होते. भिंतीवरचा जुना नकाशा उतरवून त्यावरच्या रेघा कॉम्प्युटरवर चढवायला बसले, आणि मला ती खाच दिसली.

पूर्वेकडचा पॅच एका पन्नाशीच्या इंजिनिअरकडे होता. अबोल माणूस, व्हॅन देव्हाऱ्यासारखी स्वच्छ ठेवणारा. त्याच्या हद्दीत उत्तरेकडच्या पॅचचं एक बारीक बोट घुसलं होतं आणि त्या बोटाच्या टोकाशी होती एक लहानशी बंद गल्ली. त्या गल्लीसाठी उत्तरेचा माणूस अर्धं शहर ओलांडून यायचा. आणि पूर्वेचा माणूस राहायचा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

“कुणाचा हा गाढवपणा?” मी मराठीतच बोलले, तिथे कोण समजणार होतं. रेघ सरळ करायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. असल्या आकाराची वाट मी लहानपणी पायांनी चालले होते.

माझे बाबा साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टर. आमच्या घरापासून बाजाराला जायला शिंप्यांच्या बोळातून सरळ वाट होती, पण बाबा कधी त्या वाटेने गेले नाहीत. नदीकडून वळसा घालायचे, आणि त्यांच्यामागून आम्ही भावंडंही. का, ते मला आईने मोठेपणी सांगितलं. त्या बोळातल्या एका शिंप्याच्या तरण्या मुलाला बाबांनी पेनिसिलीन दिलं, त्याला रिअॅक्शन आली आणि तो दवाखान्यातच दगावला. बाबांची चूक नव्हती. शिंपीच म्हणाला होता, आमचं नशीब. पण त्या दिवसापासून बाबांच्या गावाच्या नकाशात तो बोळ उरला नाही.

म्हणून मी माझ्या वरिष्ठांना विचारलं. त्यांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. त्यांनी आधी ‘तो कोपरा तसाच ठेव’ एवढंच सांगितलं. मी हटले नाही, तेव्हा मला कारपार्कमध्ये घेऊन गेले. त्या गल्लीतल्या एका घरात पूर्वेच्या इंजिनिअरने काही वर्षांपूर्वी वसंतात बॉयलर तपासला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांनी धुराड्यात काटक्या टाकून घरटं केलं. धूर कोंडला, कार्बन मोनॉक्साइड घरात भरला. त्या वायूला ना रंग ना वास. बायको बहिणीकडे गेली होती, ती परत आली तर नवरा खुर्चीत बसलेला, गेलेला. चौकशीत इंजिनिअर निर्दोष ठरला. ती बाई अजून त्याच घरात राहत होती. “मग मी ती गल्ली त्याच्याकडून काढून घेतली,” वरिष्ठ म्हणाले आणि घाईने आत गेले.

आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला, की गेलेल्याचा जीव सुटला म्हणतात. त्या दिवसापासून मला इथल्या छपरांवर एक कावळा दिसला तरी धडकी भरायची.

खाच ठेवायची, असं मी ठरवलं. पण सॉफ्टवेअरला अपवादासाठी कारण लागायचं. निवडायची कारणं त्यात तयार होती. घरात कुत्रा आहे, लांब शिडी लागेल, पार्किंग नाही. यांतलं एकही माझं नव्हतं. खरं कारण लिहिलं असतं तर ते ऑफिसभर झालं असतं. सॉफ्टवेअर बसवायला आलेला तरुण म्हणाला, कारण नाही तर खाच नाही. रेघ सरळ झाली, जशी मला आवडते तशी, आणि मला ती बघवेना. वरिष्ठ तोवर रिटायर होऊन गेले होते.

त्या घराची वार्षिक तपासणी जवळ आली तसं मी नवऱ्याला सांगितलं. “अगं, मग मॅन्युअली ओव्हरराइड कर ना,” तो म्हणाला. “एवढं काय टेन्शन घेतेस?” मी केलं होतं. रोज संध्याकाळी ते घर उत्तरेच्या माणसाच्या नावावर सरकवायची आणि रोज सकाळी सिस्टिमने ते परत पूर्वेला नेऊन ठेवलेलं असायचं. सर्वांत जवळचा माणूस तोच ना!

शेवटी तपासणीच्या दिवशी सकाळी पूर्वेच्या इंजिनिअरच्या यादीत ते घर आलंच. मी त्याला फोन लावला. “मी पाहिलंय,” तो म्हणाला. मी म्हटलं, दुसऱ्याला पाठवते. पलीकडे व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “नको. राहू दे.”

माझ्या स्क्रीनवर त्याचं ‘पोहोचलो’ आलं. तपासणीला तासभरसुद्धा लागत नाही. तास गेला, दुसरा गेला, ‘काम संपलं’ येईना. पुढची घरं खोळंबली, लोकांचे फोन सुरू झाले, मी खोटी कारणं देत राहिले. त्याचा फोन वाजून वाजून बंद पडायचा. मला भलभलतं दिसायला लागलं. ती बाई त्याला काय बोलली असेल, त्याने स्वतःचं काय करून घेतलं असेल. मी घाबरले होते, सरळ सांगते.

दुपार कलल्यावर तो ऑफिसात आला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, नवा बॉयलर तपासत होतो तेवढा वेळ ती माझ्या पाठीशी उभी होती, एक अक्षर न बोलता. मग चहा केला. कप हातात देताना म्हणाली, “दरवर्षी दुसराच माणूस यायचा. मला वाटलं, तुम्हीही गेलात.”

“ती गल्ली माझ्याकडून काढा, असं मी कधी म्हटलं नव्हतं,” तो म्हणाला. “पण काढली तेव्हा बरं वाटलं.” तो हलका झाला होता असं मला काही वाटलं नाही. उठून तो पुढच्या घरी गेला.

रविवारी मी बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “चहा घेतला का त्याने?”

“घेतला, बाबा.”

“बरं,” म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पुढच्या रविवारी आईनेच फोन उचलला. आवाज दबका. “हे काल शिंप्यांच्या बोळात जाऊन आले गं.” शिंपी भेटला का, मी विचारलं.

“दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, म्हातारा दिवाळीनंतर गेला. शेवटी शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा म्हणे, डॉक्टर हल्ली इकडून जात नाहीत, बरे आहेत ना?”

बाबांना दे, मी म्हटलं. आईने हाक मारलेली मला ऐकू आली, दोनदा. ते फोनवर आले नाहीत.