नव्या रेकॉर्डीतलं ‘मले’

आमच्या जानेफळच्या वस्तीत रेकॉर्ड कुणी ‘काढत’ नसे, रेकॉर्ड ‘भरत’ असत. विहिरीवर पाणी भरावं, कणगीत ज्वारी भरावी, तसा तबकडीत आवाज भरायचा. म्हणून माझा दादा गायन पार्टीबरोबर रेकॉर्ड भरायला ममईला, म्हणजे मुंबईला, जाऊन परत आला, तेव्हा गल्लीतल्या एका काकांनी पारावर सगळ्यांच्या देखत विचारलं, “काय बे, रेकॉर्ड भरली, का नुसतं पाणीच भरलं?”

अख्खा पार खो-खो हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी शाळकरी पोर होते, पण जीभ तेव्हाही तिखटच. म्हटलं, “काका, तुमच्या घरी पाणी कोण भरते, ते साऱ्या वस्तीले ठाऊक हाये.” मग तर पार दुप्पट हसला, आणि मायनं मला कान धरून घरी नेलं. कान दुखला, पण बोलल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्याच्या थोडं आधी आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता. जुनी गाणी आता तोंडात बसत नव्हती, नवी हवी होती, आणि ती करणारे आमच्यातलेच होते. कुणी शाळामास्तर, कुणी गिरणी कामगार. त्यांच्या रेकॉर्डी रेडिओवर लागत नसत, मेहकरच्या पेठेत मांडून ठेवलेल्याही दिसत नसत. त्या लग्नातून लग्नात जायच्या. मेहकरचे भोंगेवाले चाचा एस.टी.च्या टपावर भोंगा बांधून यायचे आणि रेकॉर्डींची पेटी मात्र मांडीवर ठेवून बसायचे. गाडीतून उतरले रे उतरले, की गल्ली विचारायची, “चाचा, नवी आली का?” नवरदेव आला का, हे लोक नंतर विचारत.

दादाच्या पार्टीत गाणं म्हणायचे गुरुजी. मेहकरकडच्या एका खेड्यात ते मास्तर होते, आणि गाणंही त्यांनीच रचलेलं. दादा झीलकरी. म्हणजे गुरुजींनी ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती उचलून धरायची. शिवाय हातात खंजेरी. दादाचा आवाज असा, की तो शिवारात गायला तर बांधावरची बैलं मान वर करायची. हे मी कौतुकानं सांगत नाही. सकाळी तो गाऊ लागला की मला पाढे म्हणता यायचे नाहीत, त्यावरून आमची रोज भांडणं व्हायची.

गाणं होतं शाळेत जाऊ मागणाऱ्या मुलीचं. ‘शाळेची वाट धरू दे, माय, मले’, अशी त्याची ओळ. रेकॉर्ड कंपनीतल्या साहेबानं ती ऐकली आणि म्हणाला, “हे मले-मले काय आहे? पुण्या-मुंबईत कुणाला कळणार? ‘मला’ म्हणा.” गुरुजी शिकलेले माणूस, त्यांची जीभ लगेच वळली. बाकीच्यांनी ‘मला, मला’ घोकून घोकून घसे बसवून घेतले. हे सांगताना दादा स्वतःच हसत होता. आणखी एक झालं. मध्ये एकच माईक, आणि दादाचा आवाज हा असला, म्हणून साहेबानं त्याला सगळ्यांच्या मागं, पार दाराला टेकून उभं केलं.

झालं! ‘दाराला टेकून’ गल्लीत फिरलं, आणि चार घरं ओलांडेपर्यंत त्याचं ‘दाराबाहेर’ झालं. पाणी भरणाऱ्या त्याच काकांनी पारावर जाहीर केलं, की साहेबानं याला आत घेतलंच नाही, यानं फक्त बाजाची पेटी उचलून नेली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी म्हटलं, “दादा, गुरुजींले विचारू ना.” गुरुजींची बदली दूर चांद्याकडं झालेली. “मंग पार्टीतल्या दुसऱ्या कोणाले आण.” तर दादा माझ्यावरच खेकसला, “साक्षीदार काऊन आणू? म्या काय चोरी केली?”

गल्ली काय, दोन दिवस हसते आणि विसरते. लागलं ते माझ्या बापाला, बाला. दादा ममईला गेला तो ऐन कापूस वेचणीत. बाची कंबर आधीच धरलेली. तरी त्यानं दादाच्या वाटणीची गाठोडी स्वतःच्या पाठीवर वाहिली आणि लोकांना सांगितलं, “पोट्टा रेकॉर्ड भरून राह्यला.” आता तेच लोक त्याला तोंडावर विचारू लागले, कुठं गेली रेकॉर्ड? बा भांडखोर नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं दादाची खंजेरी उचलली, आढ्याला टांगली आणि म्हणाला, “रेकॉर्ड येऊ दे. तुहा आवाज असंल त ही खाली येईन, अन् जलमभर वाजव. नसंल त गाणं बंद. बोलाची कढी अन् बोलाचा भात माह्या घरात नाही शिजनार.”

दादा उलटून बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. तो शिवाराकडं चालता झाला. त्या दिवसापासून सकाळी माझे पाढे बिनबोभाट व्हायला लागले, आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं. खोटं का बोलू, घर भकास वाटायचं. मी त्याला सारखी म्हणायची, रेकॉर्ड येऊ दे, मग त्या काकाचं तोंड पाहू. तो म्हणायचा, “नाही आली तरी चालंल.” हे काही मला उमगत नव्हतं. खरं बोलणारा माणूस रेकॉर्डीला घाबरतो कशाला? एकदा तर माझ्याही मनात पाल चुकचुकली.

उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घरी लग्न निघालं. चाचा आले, निंबाच्या झाडाला भोंगा बांधला, पेटी उघडली आणि खाकी पाकिटातून कोरी करकरीत तबकडी काढली. “लो भई, तुमच्या मास्तरची आली!” मांडवातली माणसं आधी चाचांभोवती आणि मग मांडवात, अशी गत झाली. मी मुंडकं खुपसून लेबल वाचलं. वर गुरुजींचं नाव, खाली बारीक अक्षरात ‘आणि साथीदार’.

“नाव कुठं हाये याचं?” काका म्हणाले.

“साथीदार म्हनजे कोन, तुम्ही का?” मी म्हटलं. पण लेबल पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

वंदना झाली, लग्न लागलं, आणि जेवणाची पंगत बसायच्या आधी चाचांनी नवी सुई लावली. बा मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता, नजर जमिनीकडं. दादा दिसेना. पाहते तर चुलाणाच्या धुरात वाढप्यांच्या मागं तोंड लपवून उभा.

रेकॉर्ड सुरू झाली. गुरुजींचा आवाज भोंग्यातून आला आणि बायकांनी पदर तोंडाला लावले, आपल्या माणसाचा आवाज निंबाच्या झाडातून यावा याचं नवल इतकं! मग झील आली. ‘धरू दे, माय, मला.’ सगळे आवाज एकजीव. त्यात दादा कुठला, कोण जाणे. दुसरं कडवं झालं. पुन्हा ‘मला’, पुन्हा तेच. मी कान ताणून ताणून ऐकत होते. काका मिशीत हसत होते, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. बानं टोपी सारखी केली आणि उठायला खांबाला हात घातला.

शेवटचं कडवं आलं. गुरुजींनी आवाज चढवला, खंजेऱ्या चढल्या, सगळ्यांनी ओळ उचलली ‘शाळेची वाट धरू दे, माय’, आणि सगळे ‘मला’ म्हणत असताना मागून एक भला मोठा आवाज साऱ्यांच्या डोक्यावरून आला, “मलेऽऽ!”

रेकॉर्ड तिथंच संपली. खरखर ऐकू येत होती तेवढीच. मग एक म्हातारी ओरडली, “अगं माय, हा त आपला पोट्टा व्हय!” आणि मांडवात जो हशा उठला, तो पार एस.टी. थांब्यापर्यंत गेला असेल. चाचा तर डोळे पुसत होते. मी काकांपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “दाराबाहेरून इतकं ऐकू येते का हो काका?” त्यांनी वळून पंगतीतली जागा धरली.

दादा मात्र रडकुंडीला आला होता. सगळ्यांनी ओढून त्याला मांडवात आणला तर म्हणाला, “माह्याच्यानं बिघडली रेकॉर्ड. रंगात आलो अन् तोंडातून निंघून गेलं. साहेबाले समजलं नाही. म्या कोनाले सांगितलं नाही.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आवाज आत आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तो ओळखू यायचा तो चुकीमुळंच, आणि त्या चुकीपायी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणि बा? बा मांडवात नव्हताच. लोक म्हणाले, रागावून गेला, पोरानं गुरुजींची रेकॉर्ड नासवली म्हणून. दादाचा चेहरा पार उतरला.

बा परत आला तो कंबरेवर एक हात ठेवून, आणि दुसऱ्या हातात खंजेरी. आढ्याची काजळी तिला तशीच होती. त्यानं ती धोतरानं पुसली आणि दादाच्या हातात दिली.

“बा, चुकलो,” दादा म्हणाला.

“चुकला नसता,” बा म्हणाला, “त मले कसं समजलं असतं बे, तू आतमंधी होता म्हनून?”